एक मग, भरलं ताट आणि चालत घरी

साशंक : घरापासून चालत पाच मिनिटांवर स्वतःची बिअर बनवणारा बार उघडला आणि तिथं जेवणही छान मिळतं, याचा तुला आनंद होतो, हे मी समजू शकते. पण ज्या वस्त्यांमध्ये मी बायकांबरोबर काम केलं, तिथं दारूचं दुकान घराजवळ असण्याचा अर्थ एकच होता : पगार घरापर्यंत पोचायचा नाही. महाराष्ट्रातलं आडव्या बाटलीचं मतदान याच अनुभवातून आलं. प्रभागातल्या किंवा गावातल्या बायकांनी एकत्र येऊन मागणी करायची, गुप्त मतदान घडवून आणायचं आणि निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याला, पाडायची. हे सांगायला सोपं आहे. त्या मतदानाच्या आधी आणि नंतर बायकांनी काय सोसलं, ते मी जवळून पाहिलंय. आता तीच वस्तू शहराच्या बऱ्या भागात लाकडी टेबलावर, स्वच्छ ग्लासात आली, की तिला रसिकतेचा मान मिळतो आणि तिच्याबद्दल शंका घेणारी बाई मागासलेली ठरते. मला एवढंच सांग, इथं वस्तू बदलली आहे की नुसतं गिऱ्हाईक?

उत्सुक : दोन्ही बदललंय, ताई. आधी गिऱ्हाइकाचं सांगते, कारण ते गिऱ्हाईक मी आहे. आपल्याकडे बिअर प्यायची जागा म्हणजे परमिट रूम. अर्धा अंधार, भिंतीवर टीव्ही, समोर शेंगदाणे आणि मसाला पापड, आणि बाई आत आली की वळणाऱ्या माना. सोबत पुरुष असेल तर 'फॅमिली सेक्शन'मध्ये बसवणार, नसेल तर वेटरलाच अवघडल्यासारखं होणार. माझ्या वयाच्या बायकांनी संध्याकाळी बसायचं कुठं? इराणी हॉटेलं एकेक करून मिटली. उडप्याकडे डोसा संपला की बिल पुढ्यात येतं. चौकातला कट्टा पहिल्यापासून मुलांचाच. रे ओल्डनबर्ग नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९८९मध्ये एक पुस्तक लिहिलं. घर आणि कामाची जागा सोडून माणसाला आणखी एक जागा लागते, जिथं तो कुणाचा नातेवाईक नसतो आणि कुणाचा नोकरही नसतो, असा त्याचा मुद्दा होता. उदाहरणं देताना त्यानं कॅफे आणि पबांबरोबर अमेरिकेतल्या जर्मन स्थलांतरितांच्या बिअर गार्डनबद्दलही लिहिलंय. तिथं सगळं कुटुंब यायचं, मुलंबाळं यायची, गाणं-बजावणं चालायचं, जेवण व्हायचं, आणि बिअर त्या सगळ्याच्या सोबतीला असायची. या नव्या बारमध्ये मला त्याची थोडी झलक दिसते. दुपारी कुणी आजोबा नातवाला घेऊन पिझ्झा खायला आलेले असतात. कोपऱ्यात चार जण बोर्ड गेम खेळत असतात. मी एकटी पुस्तक घेऊन बसले तरी कुणी बघत नाही. माझ्यासारखीला हे केवढं आहे, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

साशंक : नको. बाईला शहरात निवांत बसायला जागा नाही, हे दुखणं खरं आहे आणि त्यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. पण त्यावरचा इलाज दारूच्या परवान्यावर चालणाऱ्या धंद्यातूनच यावा, हे मला खटकतं. वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा, बागेत दिवे लावा, नगरपालिकेची चांगली कँटीन चालवा, असं कुणी म्हणत नाही. बरं, ते राहू दे. वस्तू बदलली म्हणालीस, ती कशी?

उत्सुक : बाटलीतली बिअर आणि ही बिअर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशात विकली जाणारी बहुतेक बिअर 'स्ट्राँग' असते, आठ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली. तिच्यात तांदूळ नाहीतर साखर घालून खर्च कमी करतात. कारखान्यातून ती निघते, गोदामात पडते, उन्हात उभ्या ट्रकमध्ये तापते, आणि मग बर्फासारखी गार करून प्यावी लागते, कारण गारठ्यात चव कळत नाही. चव न कळणं हाच तिचा उपयोग. चव कळली तर माणूस थांबेल. मायक्रोब्रुअरीत, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या अशा बारमध्ये, जव भिजवून, मोड आणून, वाळवून तयार केलेलं माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी, एवढंच मुख्यतः असतं. १५१६मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकांनी बिअरमध्ये काय घालावं याचा कायदा केला, तेव्हा त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलं होतं. यीस्ट म्हणजे काय हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. गव्हाची जर्मन बिअर, हेफेवायझन, तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं आणि लवंगही नसते, तो वास यीस्टच आंबवताना तयार करतं. मायक्रोब्रुअरीची बिअर बहुतेकदा गाळलेली नसते, पाश्चराइज केलेली नसते, म्हणून ती काही आठवड्यांत संपवावी लागते आणि जिथं बनते तिथंच प्यावी लागते. पुण्यात २००९मध्ये 'डुलाली' सुरू झालं, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. नाव घेतलं ते नाशिकजवळच्या देवळालीवरून. त्या वेळी काचेपलीकडच्या स्टीलच्या टाक्या बघायला लोक उभे राहायचे. आपण पितो ते कुणीतरी बनवतं, त्याला तीन आठवडे लागतात, बनवणाऱ्याला प्रश्न विचारता येतो, हे लोकांना पहिल्यांदाच कळत होतं. जी वस्तू माणूस समजून घेतो, ती तो घटाघटा ढोसत नाही.

साशंक : हे शेवटचं वाक्य तुझ्या मनाचं आहे, वस्तूच्या गुणाचं नाही. समजून पिणारी माणसंही खूप पितात, वाइनच्या देशांचा इतिहास त्यानं भरलेला आहे. आणि 'जिथं बनते तिथंच' म्हणालीस, तर जरा मोजू या. माल्ट बऱ्याच ठिकाणी जर्मनी-बेल्जियमहून येतं. हॉप्स बाहेरून येतात. आपल्याकडे हिमाचलच्या लाहौलमध्ये थोडे पिकतात, पण त्यावर हा धंदा चालत नाही. यीस्टची पाकिटं परदेशी. मग स्थानिक काय? खडकवासल्याचं पाणी. आणि त्या पाण्याचीच गोष्ट काढायची तर २०१६चा एप्रिल आठव. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्यावर आणा, असा आदेश औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. एक लिटर बिअरमागे कारखान्यात कित्येक लिटर पाणी जातं, ते धुण्यात, थंड करण्यात. छोट्या बारमध्ये लिटरमागचं हे प्रमाण कारखान्यापेक्षा जास्तच असतं, कारण टाक्या छोट्या आणि धुणं वारंवार. तू ज्याला आपल्या भागाची चव म्हणतेस, तो परदेशातून मागवलेला कच्चा माल आणि आपल्या धरणातलं पाणी आहे.

उत्सुक : कच्च्या मालाचं खरं आहे. तिथं बढाई मारण्यात अर्थ नाही, आणि मेनूवर 'लोकल' लिहिणारे बरेच मालक ती मारतात, हेही कबूल. पण चहाची पानं पुण्यात उगवत नाहीत, तरी अमृततुल्य पुण्याचंच. गाव कुठलं, हे मालाच्या पत्त्यावरून ठरत नाही. हात कुणाचा, जीभ कुणाची, त्या वस्तूला प्रतिसाद कोण देतं, त्यावरून ठरतं. आणि हे मला खरं जाणवलं ते जेवणामुळे. ताई, बिअरबद्दल कितीही बोलले तरी त्या बारमध्ये मी परत परत जाते ती जेवणासाठी.

साशंक : मग जेवणाचंच बोल. तिथं माझा आक्षेप सगळ्यात कमी आहे, आणि शंका सगळ्यात जास्त.

उत्सुक : परमिट रूममध्ये खाणं हे चकणा असतं. त्याचं काम मीठ आणि तिखट देऊन पुढचा पेग मागवायला लावणं. चांगल्या बिअरच्या बारमध्ये खाण्याला स्वतःची बाजू असते. तुम्ही कधी रोस्टेड माल्टची काळी बिअर, स्टाऊट, सुक्या मटणाबरोबर घेतलेली नाही, पण चव कशी जुळते ते मी सांगू शकते. आपण वाटण करताना सुकं खोबरं आणि कांदा खरपूस, तपकिरी होईपर्यंत भाजतो. माल्टही तसंच भाजतात, काळपट होईपर्यंत. दोन्हीत एकाच प्रकारची रासायनिक क्रिया होते, म्हणून त्या ग्लासात आणि त्या ताटात एकच खरपूस, किंचित कडवट वास येतो आणि ते दोन्ही एकमेकांना ओळखतात. उलट हॉप्स भरपूर असलेली कडू आयपीए घ्या आणि तिच्याबरोबर कोल्हापुरी तांबडा रस्सा. जिभेवर आग भडकते, कारण कडूपणानं तिखट वाढल्यासारखं वाटतं. त्या रश्श्याला मऊ, किंचित गोडसर गव्हाची बिअर लागते. बोंबील तळलेला असेल तर बुडबुडे मदतीला येतात, तोंडातलं तेल धुऊन नेतात. आमसुलाचा आंबटपणा घातलेली बिअर मी प्यायले, ती सुरमईबरोबर. कोकणातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही, सोलकढी त्याच कामासाठी असते. तिथल्या स्वयंपाकघरात ब्रूइंग झाल्यावर उरलेल्या जवाच्या चोथ्याची ब्रेडही भाजतात, बाकीचा चोथा गाईगुरांना जातो. एक ठिकाण सांगते, नाव सोडून देते. तिथला शेफ प्रत्येक बिअरसाठी जेवण सुचवतो आणि एखादी बिअर ज्या पदार्थाबरोबर जमत नाही, तेही सांगतो. गिऱ्हाइकाला 'हे नका घेऊ' म्हणणारा बार मी आधी पाहिला नव्हता.

(इथं मी, हा संवाद लिहिणारा, मध्येच बोलतो, दोघींची परवानगी गृहीत धरून. हे सगळं खरं मानलं, तरी ते बहुसंख्य बारना लागू होत नाही. बहुतेक ठिकाणी मेनू एकच असतो : नाचोज, पेरीपेरी फ्राइज, चिली पनीर, एखादा बर्गर, आणि 'महाराष्ट्रीय' म्हणून एक मिनी थालीपीठ. ते खाणं पाहिलं की जाणवतं, की तिथं स्वयंपाकघर ग्लासाच्या सेवेत आहे. जिथं याच्या उलट घडतं, अशा मोजक्या जागांसाठीच हा वाद करण्यासारखा आहे.)

साशंक : मग त्या मोजक्या जागांबद्दलच विचारते. तू जेवणाचं जे वर्णन केलंस, ते मला पटलं, आणि नेमकी तीच अडचण आहे. चांगलं जेवण दारूला मान देतं. रिकाम्या पोटी बसून पिणाऱ्याकडे समाज संशयानं बघतो, त्या संशयाला काही अर्थ आहे. जेवणाबरोबर प्यायलं की ते 'पिणं' राहत नाही, 'जेवायला जाणं' होतं. आता आकडे बघ. तुझ्या मगात पाचशे मिलिलिटर बिअर, पाच टक्के. म्हणजे सुमारे वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साठ मिलीच्या लार्ज पेगमध्ये, ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत, तेवढंच असतं. म्हणजे गव्हाच्या बिअरचे दोन मग म्हणजे दोन लार्ज पेग. परमिट रूममध्ये दोन लार्ज मारणाऱ्या माणसाला तू काय म्हणशील आणि तुझ्या त्या जागी दोन मग घेणाऱ्या मैत्रिणीला काय? पोटात जेवण असलं की अल्कोहोल हळूहळू रक्तात जातं, खरं, पण जायचं तेवढं जवळपास सगळं जातंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अल्कोहोलला १९८८मध्येच पहिल्या गटातल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारक पदार्थांमध्ये घातलं. आणि २०२३च्या जानेवारीत आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला धोका नाही असं अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण नाही. ताजं, न गाळलेलं, हातानं बनवलेलं असलं तरी.

उत्सुक : हा हिशोब मला आधी माहीत नव्हता, असं सांगून मी सुटका करून घेणार नाही. माहीत होता. मी एक मग घेते, तीनशे तीस मिलीचा असेल तर तोच, आणि कधीकधी नुसतं जेवून येते. पण तुम्ही मला एका गोष्टीचं उत्तर द्या. धोका नाही असं प्रमाण नाही, हे खरं. रस्त्यावर चालण्यातही धोका नाही असं प्रमाण नाही. माणूस काही धोके चवीसाठी, सोबतीसाठी घेतो. त्याला तसे घेता यावेत, फसवणूक न होता, असं शहर म्हणून आपल्याला हवं की नको? १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं या राज्यात प्यायला परवाना लागतो, तो आजही लागतो. आणि त्याच राज्यात २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. गरिबाला मिळते ती भट्टीची, ज्यात मिथेनॉल आहे की नाही कळत नाही. मी म्हणते, त्यालाही स्वच्छ, कमी ताकदीचं, कुणी बनवलं ते माहीत असलेलं पेय मिळायला हवं.

साशंक : इथं तुझ्या-माझ्यात एक गाठ पडते. पण तुझ्या बारमध्ये एका मगाच्या किमतीत खानावळीतल्या दोन-तीन थाळ्या येतील. त्या बारमध्ये ग्लास धुणारा मुलगा तिथं बसून एक मग घेऊ शकत नाही. तो घरी जाताना दुसऱ्याच दुकानात जातो. जर्मन स्थलांतरितांच्या त्या बिअर गार्डन कामगारांच्या होत्या, स्वस्त होत्या, म्हणून त्या जिव्हाळ्याच्या झाल्या. तुझा बार राहतो तुझ्या भागात, पण तुझ्या भागातल्या निम्म्या माणसांचा नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट : तो तुझ्या भागातल्या माणसांवर चालतही नाही. शनिवारी रात्री बाहेरच्या गाड्या बघ. पिंपरीपासून, हडपसरपासून लोक येतात, आणि परत गाडी चालवत जातात. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये काय झालं, हे पुणं विसरलेलं नाही. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. भरधाव गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी त्यानं बारमध्ये मद्य घेतलं, असा पोलिसांचा आरोप. आपल्या राज्यात बिअरला वयाची अट एकवीस, कडक दारूला पंचवीस. ती कागदावर होती.

उत्सुक : त्या रात्रीबद्दल बोलताना माझ्याकडे कुठलाही युक्तिवाद नाही. पण त्यातूनच मी एक गोष्ट म्हणते, आणि ती आपलं एकमत होण्याची जागा असेल बहुतेक. जो बार गाडीनं गाठावा लागतो, तो धोक्याचा. ज्या बारमध्ये चालत जाता येतं, तो कमी धोक्याचा. २०१६च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, ते याच कारणानं. बार घराजवळ येणं ही तुमच्या वस्तीत धमकी होती. माझ्यासाठी बार चालण्याच्या अंतरावर असणं हीच सगळ्यात मोठी सुरक्षितता आहे. पार्किंग नसलेला, छोटा, रात्री अकराला बंद होणारा, चालत येणाऱ्यांचाच बार. असा काढायला मालकाला सांगू या.

साशंक : मी मालकाच्या जागी बसून बघते. टाक्या, चिलर, पाइप, बांधकाम यात कोटींच्या घरात पैसे गेलेत. परवाना शुल्क दर वर्षी लाखांत. चांगल्या भागातलं भाडं किती, ते तुला माहीत आहे. चांगलं जेवण करायचं तर ताजा मासा, चांगला शेफ, वाया जाणारा माल. जेवणातला नफा बेताचा, बिअरमधला बराच. आता मला सांग, तुझ्यासारखी, एक मग घेऊन दोन तास पुस्तक वाचणारी, पोटभर जेवून चालत घरी जाणारी माणसं, अशीच सगळी आली, तर ते दुकान तगेल का? माझं म्हणणं, तगणार नाही. त्याचं भाडं देतो तो तिसरा मग आणि चौथा मग. तू ज्या जागेचं कौतुक करतेस, तिची किंमत तू देत नाहीस, शनिवारी रात्री जास्त पिणारा देतो.

उत्सुक : हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं नाही, पण अशा शब्दांत मी ते स्वतःशी मांडलं नव्हतं. तरी मी पूर्ण हार मानत नाही. बाहेरच्या देशांत असे बार आहेत, जिथं दुपारचं जेवण आणि रविवारचं जेवण हाच मुख्य धंदा आहे. आपल्याकडे २०२०च्या साथीच्या काळात ग्राउलरमध्ये, म्हणजे झाकणाच्या मोठ्या बाटलीत, भरून बिअर घरी न्यायला परवानगी मिळाली, तेव्हा काही बार जेवणाचे डबे पाठवूनच टिकले. परवाना शुल्क आकारानुसार ठेवायचं, छोट्याला कमी, असं का करू नये? आठवड्यातले पाच दिवस लंच विकणारा, दुपारी कोकम आणि ताक देणारा, लहान मापाचा ग्लास आधी पुढे ठेवणारा, मोठा मागितला तरच देणारा, असा एखादा तरी चालून दाखवू शकेल.

साशंक : चालवून दाखवला तर मी पहिली येईन, ताक घेईन आणि तुझ्या त्या शेफचं मटण खाईन. पण तोवर आपण दोघी एक काम करू. तू त्या मालकाला विचार, मागच्या महिन्याच्या कमाईत जेवणाचा वाटा किती आणि पहिल्या मगानंतरच्या मगांचा किती. त्यानं सांगितलं, तर आपला पुढचा वाद आकड्यांवर होईल.

उत्सुक : आणि नाही सांगितलं तर?

साशंक : मग तोही एक आकडा समज. आणि परवाना शुल्कासाठी अर्ज कुणाकडे करायचा, ते मी शोधते. तुझ्या बाजूनं.